प्रसादाची गोळी

गेल्या उन्हाळ्यात एक पोरगी माझ्या गिरणीत दळण घेऊन आली. तिचं नाव लिहिणार नाही, गावही लिहिणार नाही. तिला एचआयव्ही आहे. नवरा त्यातच गेला. ही मात्र हिमतीनं गोळ्या घेते, लेकराला शाळेत घालते आणि माझ्यापाशी येऊन मन मोकळं करते, कारण मी कुणाचं कुणाला सांगत नाही. माझा आवाज मोठा आहे, पण पोट खोल आहे.

पट्टा थांबल्यावर ती म्हणाली, "काकू, आता मला गोळ्या बदलून दिल्यात. त्याच्यात एक हाय खरी औषधाची. अन् एक नुस्ती जोराची. दवाखान्यातल्या बाई म्हणल्या, ही त्या गोळीला जोर देती. आता माझ्या अंगात चांगला जोर हाय की! मग मी जोराची सोडून दिली. तिच्यानं लय मळमळतं."

माझ्या हातातला झाडू खाली पडला. जोराची गोळी! मी तिला म्हणले, "बस इथं पोत्यावर. तुला मपली एक गोष्ट सांगते. ऐकून घे, मग सोडायची तर सोड."

तिला सांगितलं तेच इथं लिहिते. मी सातवी शिकलेली बाई, मला काही शिकवायची हौस नाही. पण गोळीला चुकीचं नाव ठेवलं की माणूस कसा आडवा होतो, ते मी अंगावर काढलंय.

पिठाचा खोकला

पालमला आमची पिठाची गिरणी. लग्न होऊन आले तेव्हा मालक, म्हणजे माझे यजमान, ती चालवायचे. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. आप्पांचा स्वभाव गरीब आणि पट्ट्याची घरघर सुरू झाली की त्यांना डुलकी लागते. मग हळूहळू गिरणी माझ्याकडं आली. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या सुरुवातीला कुरकुरल्या, "वाण्याची सून पट्ट्यापाशी उभी राहिलेली कुणी बघितली का?" पुढं त्याच गिऱ्हाइकांना सांगायला लागल्या की महानंदाच्या हातचं पीठ कसं मऊसूत निघतं. महानंदा म्हणजे मी.

गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी मारून खरबरीत करणं, पट्टा चढवणं, मोटारीचा आवाज ऐकून काय बिघडलं ते ओळखणं, सगळं मला यायचं. खरं सांगते, त्या घरघरीत मला जेवढं सुख वाटायचं तेवढं देवळातही वाटलं नाही.

ती नामांतराच्या भांडणांची वर्षं होती. विद्यापीठाचं नाव बदलायचं का नाही यावरून गावंच्या गावं पेटली होती, यष्टी कधी धावायची, कधी बंद. त्याच दिवसांत मला खोकला लागला. सगळे म्हणाले, पिठाचा खोकला आहे, गिरणीवाल्याला व्हायचाच. हळद-गूळ झाला, काढे झाले. मग संध्याकाळची कणकण सुरू झाली. चोळ्या सैल व्हायला लागल्या. एके दिवशी थुंकीत लाल दिसलं. मी ते पायानं मातीत मिसळून टाकलं आणि दिवसभर दळत राहिले. पण डोळ्यापुढून ते हलेना, संध्याकाळी आप्पांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं परभणीला.

"दुसरं काही औषध?"

परभणीच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला, बेडका तपासला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. फोटो उजेडासमोर धरून म्हणाल्या, "टीबी आहे. घाबरू नका, पूर्ण बरा होतो. दीड वर्ष गोळ्या, सुरुवातीला इंजेक्शनं. एकही दिवस चुकवायचं नाही. चुकवलं तर तो परत येतो, आणि मग गोळीला दाद देत नाही."

मला पहिलंच वाक्य ऐकू आलं. बाकीचं आप्पांनी ऐकलं. मला फक्त माझी दहा वर्षांची लेक संगीता दिसत होती, माझ्या ताटात जेवणारी, माझ्या पदराला तोंड पुसणारी. देवा, तिला तर नसेल ना दिलं मी?

कागद लिहिताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधीपासून दुसरं काही औषध चालू आहे का?"

मी आप्पांकडं बघितलं, आप्पांनी माझ्याकडं. दोघंही एकदमच बोललो, "न्हाई."

आणि आम्ही खोटं बोललो नव्हतो. ते कसं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझं माहेर चारठाणा. नऊ-दहा वर्षांची असताना मला झटके यायचे. जोंधळ्याच्या शेतात पडले, हौदापाशी पडले, दातखीळ बसायची. वडलांनी मोठ्या डॉक्टरला दाखवलं, त्यांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, कधीच बंद करायच्या नाहीत. मी कसली घेते! कडू म्हणून थुंकून टाकायचे. तेव्हा आमच्या मायनं, माझ्या आईनं, युक्ती काढली. आमच्यात लहानपणीच गळ्यात महादेवाचं लिंग बांधतात. सकाळ-संध्याकाळ ते डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, नजर त्याच्यावर ठेवून नाव घ्यायचं, आणि मग तीर्थ. माय तीर्थाबरोबर गोळी तळहातावर ठेवायची. म्हणायची, "प्रसाद हाय. प्रसाद थुंकत न्हाईत." प्रसाद कसा थुंकणार? गिळायचे.

झटके थांबले ते थांबलेच. गोळी राहिली. सकाळच्या पूजेला एक, संध्याकाळच्या पूजेला दोन. लग्न ठरवताना मायनं सासरी सगळं मोकळेपणानं सांगितलं आणि रुखवतात विभूतीच्या डबीशेजारी गोळ्यांची डबीही ठेवली. आप्पा गिरणीचं सामान आणायला परभणीला गेले की जुना कागद दाखवून आणायचे. त्यांची यादी ठरलेली असायची, "पट्ट्याचं बक्कल, ग्रीस, अन् महानंदाच्या प्रसादाच्या गोळ्या."

आता सांगा, औषध म्हणजे आजारी माणसानं घ्यायचं. मी कुठं आजारी होते? कुंकू लावते तशी गोळी घेत होते. कुणी विचारलं, कुंकू चालू आहे का, तर सांगितलं असतं.

अंडं आणि दूध

सुरुवातीचे काही आठवडे मला वॉर्डात ठेवून घेतलं. संगीताला माय चारठाण्याला घेऊन गेली. तिचीही तपासणी केली, तिला काही नव्हतं. ते कळलं तेव्हा मी वॉर्डाच्या खिडकीत तोंड खुपसून रडले. दुसऱ्या दिवशी लेकीशिवाय आणखी रडले. माणसाचं असंच असतं, ह्याही बाजूनं रडतं, त्याही बाजूनं रडतं.

सकाळी सुई, मग सिस्टरसमोर गोळ्या गिळायच्या, मग दूध आणि उकडलेलं अंडं. आम्ही अंड्याला हात लावत नाही. शेजारच्या खाटेवर गयाबाई होती, पूर्णेकडच्या एका खेड्यातली, बौद्धवाड्यातली. खोकून खोकून अर्धी झालेली, पण तोंड शाबूत. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "बाई, तुमचं अंडं उगं वाया जायलंय. इकडं द्या. मपलं दूध घ्या. मला दुधानं ढेकर येत्यात."

तेव्हापासून माझं अंडं तिचं, तिचं दूध माझं. आत्याबाई भेटायला आल्या तेव्हा मी गयाबाईच्या ग्लासातून दूध पीत होते. त्यांचा चेहरा पडला. हळूच म्हणाल्या, "अगं, तिच्या ग्लासातलं?"

मी म्हणले, "आत्याबाई, दूध म्हशीचं हाय."

गयाबाई पांघरुणात तोंड घालून इतकी हसली की तिला उबळ आली. आत्याबाईंनीच उठून तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या बाईचं मन तसं वाईट नव्हतं, सवय वाईट होती.

पूजा मी खाटेवर बसूनच करायचे. मी लिंग तळहातावर घेतलं की सिस्टर मुद्दाम पाठ करून उभ्या राहायच्या, माझा मान राखायला. किती भल्या! पण त्या पाठ करायच्या, तेवढ्यातच माझ्या तीर्थाबरोबर प्रसादाची गोळी पोटात जायची. कुणालाच दिसली नाही.

शिंदी

घरी आले. ताप गेला होता, भूक लागत होती, वजन चढत होतं. सुया गावातच घ्यायच्या, गोळ्या घरी. मी लगेच गिरणी सुरू केली. आणि चालताना झोक जायला लागला.

आधी वाटलं अशक्तपणा. मग भिंत धरून चालायची वेळ आली. पीठ डब्याबाहेर सांडायला लागलं. दिवसा झापड यायची. जीभ जड झाली, बोललेलं मलाच कळेना. एका गिऱ्हाईक बाईनं दुसरीच्या कानात सांगितलं, पण गिरणीत कानात सांगितलेलंही ओरडूनच सांगावं लागतं, त्यामुळं मला ऐकू आलं, "काकूचं काय खरं न्हाई. शिंदीच्या झाडाखालून आल्यावानी चालायली."

मी आणि शिंदीची दारू! गळ्यात लिंग असलेली, कांदा चिरतानासुद्धा नाव घेणारी! मी तिला एक सणसणीत शिवी हासडायला गेले. पण जीभ अशी वळली की शिवीसुद्धा धड निघाली नाही. बायका फिदीफिदी हसल्या. शिंदीपेक्षा मला त्याचंच जास्त लागलं.

आणि मग ते घडलं. पट्ट्यापाशी वाकले, तोल गेला, पदर पट्ट्यात. आप्पा त्या दिवशी देवाच्या कृपेनं जागे होते. त्यांनी खटका पाडला. पदर फाटून पट्ट्याला गुंडाळला गेला, मी जमिनीवर. खरचटण्यापलीकडं काही नाही. आप्पांनी जन्मात माझ्यावर आवाज चढवला नव्हता. ते ओरडले, "बास! आजपासून गिरणीत पाय ठिवायचा न्हाई!"

कुलूप लावून किल्ली त्यांनी खिशात टाकली. दोन दिवसांनी एक ओळखीचा माणूस गिरणी विकता का म्हणून विचारायला आला आणि आप्पांनी त्याला नाही म्हटलं नाही, चहा पाजला.

तो चहा मी केला. टीबीनं माझं अंग नेलं होतं, लेक लांब नेली होती. ते सगळं परत येईल असं डॉक्टर म्हणत होते. पण गिरणी विकल्यावर ती काही परत येत नाही. मग मी कोण? भिंत धरून चालणारी बाई? आजारापेक्षा त्या माणसाच्या चहाचीच मला भीती वाटली.

एकाचे दोन

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंग तळहातावर घेतलं आणि नजर लावली, तर दोन. डोळे मिटले, उघडले. दोनच. आणि दोन्ही थरथरत होती. मी हात घट्ट धरला. हात स्थिर होता. लिंगच हलत होतं.

आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी हात जोडले. "एकाचे दोन दिसायलेत! पुण्य फळाला आलं गं तुझं!"

आप्पा दात घासत होते. म्हणाले, "पुण्य फळाला आलंय तर मग सरळ कामून चालंना ती?"

गावात ज्याला त्याला औषध कळत होतं. सुई डोक्यात गेली म्हणे. टीबीच्या गोळ्या गरम पडल्या म्हणे. सगळ्यांचं एकच सांगणं, गोळ्या बंद कर. मलाही तसंच वाटायला लागलं. गोळ्या सोडल्या तर झोक जाईल, झोक गेला तर किल्ली मिळेल. हिशोब सरळ होता. एका सकाळी मी टीबीची गोळी हातात घेऊन उकिरड्याकडं चाललेही होते. आप्पांनी हात धरला. म्हणाले, "फेकायची तर ज्यांनी दिली त्यांच्यासमोर फेक. आधी इचारू."

बंदमुळं यष्टी नव्हती. गाड्या सुरू झाल्या त्या दिवशी निघालो. माय संगीताला घेऊन परभणीलाच आली. लेकीला लांबून बघितलं. ती म्हणाली, "मम्मी, तू अशी काय बोलायलीस?"

"काही न्हाई, प्रसाद हाय"

डॉक्टरीणबाईंनी मला चालायला लावलं. मी सरळ रेषेत चाललेय असं मला वाटत होतं, पण टेबलाला धडकले. त्यांनी बोट डोळ्यासमोर धरून डावीकडं-उजवीकडं नेलं, म्हणाल्या, "डोळे उडतात तुमचे." मग हळूच विचारलं, "दारू वगैरे?"

मी काही बोलायच्या आत माझी माय उठली. "बाई, आमच्या सात पिढ्यात कुणी वास घेतला न्हाई!"

"बरं बरं. दुसरं काही औषध?"

"न्हाई," मी म्हणले. आप्पा म्हणाले, "न्हाई." माय म्हणाली, "न्हाई." तिघांची साक्ष.

मला पुन्हा वॉर्डात ठेवून घेतलं. माय सोबतीला थांबली, संगीताला बाहेर व्हरांड्यातच बसवलं. गयाबाई अजून तिथंच होती, मला बघून म्हणाली, "आलात का? चला, अंडं आलं." संध्याकाळी पूजेच्या वेळेला डॉक्टरीणबाई फिरतीवर आल्या. मी त्यांना दोन लिंगांचं सांगितलं. त्या माझ्या खाटेजवळ थांबल्या. पाठ केली नाही. म्हणाल्या, "तुम्ही रोज करता तसंच करा, मला बघू द्या."

मी लिंग तळहातावर घेतलं. नजर लावली. त्या माझ्या डोळ्यांकडं बघत होत्या. पूजा झाली. मायनं तीर्थ दिलं आणि लहानपणापासूनच्या सवयीनं डबी उघडून दोन गोळ्या माझ्या हातावर ठेवल्या.

"हे काय?"

माय म्हणाली, "काही न्हाई, प्रसाद हाय."

"बघू प्रसाद."

त्यांनी गोळी हातात घेतली. उलटीपालटी केली. माझ्या पिशवीतलं खोकं मायकडून मागून घेतलं, वाचलं, आणि माझ्या खाटेवर टेकल्या. मग हसल्या. रागानं नाही.

"महानंदाबाई, ही झटक्यांची गोळी आहे. किती वर्षं घेताय?"

"लहानपणापासून."

"मग मी दोनदा विचारलं तेव्हा नाही का म्हणालात?"

"तुमी औषध इचारलं," मी म्हणले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. झटक्यांची गोळी रोज पोटात जाते, काम करते आणि रोज थोडी थोडी अंगातून निघून जाते. टीबीची गोळी तिला निघू देत नाही. त्यामुळं ती आत साठत गेली. गोळी तीच, माप तेच, पण अंगात तिचा अंमल भलताच वाढला. म्हणून झोक, म्हणून जड जीभ, म्हणून एकाचे दोन.

मी विचार करून म्हणले, "म्हंजे वरून जोंधळे पडायलेत रोजच्यावानी, अन् खालून पिठाच्या तोंडावर कुणीतरी हात ठिवलाय. चक्की तुंबली."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अगदी तसंच."

आप्पा लगेच पुढं आले. "मग ही पांढरी बंदच करू की!"

"अजिबात नाही! बंद केली तर झटके परत येतील. टीबीचीही बंद करायची नाही. पांढरी कमी करायची."

"वरून माल कमी सोडायचा," मी म्हणले. मला गिरणीतलं सगळं कळतं.

तेवढ्यात हुंदका ऐकू आला. माय भिंतीला टेकून बसली होती. "मीच माझ्या लेकराला इख चारलं का वो बाई? मीच प्रसाद म्हणून दिलं."

डॉक्टरीणबाई खाली तिच्याशेजारी जाऊन बसल्या, तशाच, पांढऱ्या कोटात. म्हणाल्या, "आई, तुमच्या प्रसादानं ही पोरगी इतकी वर्षं एकदाही पडली नाही. तुमचं काय चुकलं? फक्त आम्हालाही थोडा प्रसाद दाखवायचा होता." माय रडता रडता हसली. मला त्या बाईच्या पायाला हात लावावासा वाटला. लावलाही, पण तोल जाऊन त्यांच्या मांडीवरच पडले. सगळा वॉर्ड हसला.

त्या गेल्यावर गयाबाईनं पांघरुणातून तोंड काढलं. "बगा बाई," ती म्हणाली, "नावाला लय किंमत असती. लोक म्हणत्यात, नावात काय हाय, नावासाठी कामून भांडायलेत हे लोक. तुमच्या गोळीचं नाव धड असतं तर तुमी अशा आपटल्या असत्या का?"

आमच्या गल्लीत नामांतराच्या नावानं किती नाकं मुरडली जायची ते मला माहीत होतं. मी म्हणले, "खरं हाय गयाबाई." तिनं मान हलवली आणि अंडं सोलायला घेतलं.

किल्ली

संध्याकाळची एक गोळी कमी झाली. मला वाटलं, उद्या सकाळी उठून पळायला लागेन. तसं होत नाही. तुंबलेली चक्की रिकामी व्हायला वेळ लागतो. रोज सकाळी लिंग हातावर घ्यायचे आणि बघायचे. दोन. अजून दोन. मग त्यांची थरथर थांबली. मग दोन्ही जवळ जवळ आली, कडेला कड लागली. एका सकाळी मी नजर लावली आणि ते एकच होतं. काळंभोर, शांत, माझ्या तळहातावर बसलेलं. मी कितीतरी वेळ पापणी हलवली नाही, न जाणो परत दोन झालं तर!

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बोट धरायच्या आधीच मी सांगितलं, "एक हाय."

घरी आल्यावर गिरणीचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही. मी अंगणात फेऱ्या मारायचे, मुद्दाम आप्पांच्या डोळ्यासमोरून, आधी भिंतीच्या कडेनं, मग मधून. पाण्यानं काठोकाठ भरलेली घागर डोक्यावर घेऊनही एकदा गेले. आप्पा पेपर वाचत असल्यासारखे करायचे. पेपर उलटा होता असं मी अजूनही सांगते, ते अजूनही नाही म्हणतात.

मग एके दिवशी पूजा झाल्यावर बघते तर विभूतीच्या डबीशेजारी किल्ली. आप्पा दारात उभे. म्हणाले, "दगडाला टाकी मारायची हाय. मला जमंना. अन् त्या चहावाल्याला मी गिरणी इकत न्हाई म्हणून सांगितलं."

मी किल्ली उचलली आणि रडले. आप्पा म्हणाले, "रडतीस काय? पदर खोच आधी."

ती शिंदीवाली बाई दळण घेऊन आली तेव्हा मी तिला तेव्हापासून राखून ठेवलेली शिवी नीट, स्पष्ट, एकेक अक्षर सुटं करून दिली. मग तिला चहा पाजला.

संगीता घरी आली. टीबीच्या गोळ्या मी एकही दिवस न चुकवता पूर्ण केल्या. शेवटच्या दिवशी आत्याबाईंनी पेढे वाटले. मी मात्र पेढा तोंडात टाकून परभणीची यष्टी धरली, कारण डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं होतं, "टीबीची गोळी थांबली की तोंडावरचा हात निघणार. मग पांढरी परत पहिल्या मापानं लागणार. विसरलात तर झटका येईल." सगळं गाव म्हणत होतं, बरी झाली. मी औषध वाढवून घ्यायला चालले होते. कंडक्टरनं विचारलं, "कुठं काकू, दवाखान्यात? आजारी हाव का?" मी म्हणले, "न्हाई बाबा. बरी झाले, म्हणून चालले."

जोराची गोळी

हे सगळं मी त्या पोरीला सांगितलं. ती पोत्यावर बसून ऐकत होती, हनुवटीला पीठ लागलेलं.

मी म्हणले, "माझ्यात ते चुकून झालं. तुझ्यात डॉक्टर मुद्दाम करायलेत. तुझी औषधाची मोठी गोळी अंगातून लवकर पळून जाती. ती टिकावी म्हणून ही जोराची बारकी तिच्या तोंडावर हात ठिवून बसायची. जोर तुला न्हाई द्यायचा, त्या गोळीला द्यायचा. तू बारकी सोडली की मोठी भरभर निघून जाणार, अन् आजार मोकळा. अन् हात किती दाबून धरायचा त्याचंबी माप ठरलेलं असतं. बारकी दिसती म्हणून आपल्या मनानं कमी न्हाई करायची, वाढवायची तर मुळीच न्हाई. जास्त झालं की काय होतं ते मी भोगलंय."

"अन् मळमळ?"

"ती त्यांना सांग. उद्याच जा. इतके दिवस सोडली हेबी सांग, लाजू नको. अजून काय काय घेतीस तेबी सांग. काढा, अंगारा, डोकेदुखीची गोळी, सगळं. इचारलं न्हाई तरी सांग."

तिनं कमरेची पिशवी सोडली. आतून बारकी गोळी काढली, हातावर ठेवून तिच्याकडं बघत राहिली. मला माझा तळहात आठवला. मी रांजणातलं पाणी दिलं. तिनं गिळली, तोंड वाकडं केलं आणि मग हसली.

"काकू, जोराची म्हणायची न्हाई, प्रसादाची म्हणायची न्हाई. मग हिला काय नाव ठिवू?"

"नावं ठिवू नको," मी म्हणले. "औषध म्हण."